उच्च प्राथमिक वर्गांतील मराठी आणि विद्यार्थ्यांची घरची बोली : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

इयत्ता सहावी, सातवी आणि आठवी ह्या तीन वर्गांत ‘मराठी’ ह्या विषयाखाली मुलांना नेमके काय शिकविले जाते, ह्याचे उत्तर पाठ्यपुस्तक उघडले की मिळते, असा सर्वसाधारण समज आहे. पुस्तकात गद्य पाठ असतात, कविता असतात, प्रत्येक पाठाखाली स्वाध्याय असतो. शब्दांच्या जाती, लिंग, वचन, विभक्ती, काळ, पुढे समास, प्रयोग आणि अलंकार असा व्याकरणाचा क्रम असतो. निबंध, पत्र, सारांश असे लेखनाचे प्रकार असतात. एवढे सांगितले म्हणजे अभ्यासक्रम सांगून झाला. परंतु त्याच पुस्तकातून पुण्याच्या सदाशिव पेठेतील मूल जे शिकते तेच झरी-जामणी तालुक्यातील कोलाम पोडावरचे मूल शिकते काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पहिल्या मुलास पुस्तकातील व्याकरण म्हणजे आपण बोलतो त्याची शास्त्रीय नावे. दुसऱ्यास तेच व्याकरण म्हणजे एका नव्या भाषेचे नियम. धडा एक, पण शिकण्याची क्रिया निराळी. प्रस्तुत लेखात हा निराळेपणा कोठे आणि कसा उद्भवतो, ह्याचा यवतमाळ जिल्ह्यापुरता विचार केला आहे.

जिल्ह्याची भाषिक घडण प्रथम लक्षात घेतली पाहिजे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे यवतमाळची लोकसंख्या सुमारे 27 लक्ष 72 हजार असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण अठरा टक्क्यांहून थोडे अधिक आहे. बहुसंख्य लोक मराठीच बोलतात; मात्र ती मराठी वऱ्हाडी वळणाची आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा ह्या भागांतील तांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते. ती राजस्थानी गटातील आर्यभाषा होय. पूर्वेकडील व दक्षिणेकडील तालुक्यांत, म्हणजे केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, राळेगाव इत्यादी ठिकाणी, गोंड व कोलाम वस्ती आहे. गोंडी आणि कोलामी ह्या दोन्ही द्राविडी कुळातील. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा असल्याने त्या काठावर तेलुगूही कानावर पडते. पुसद-उमरखेडकडील आंध ही जमात मात्र मराठीचेच एक रूप बोलते. तेव्हा ‘आदिवासी म्हणजे मराठीहून वेगळी मातृभाषा’ असे सरसकट समीकरण मांडणे बरोबर होणार नाही.

आरंभ वऱ्हाडीपासून करणे सोयीचे. कारण येथे अडचण दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच ती दूर होत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाची मातृभाषा मराठी, शाळेचे माध्यम मराठी, म्हणजे प्रश्न मिटला, असे कागदोपत्री ठरते. आता त्या मुलाने निबंधात लिहिले, ‘उद्या बाबा बाजारातून येईन.’ शिक्षक ‘येईन’ खाली लाल रेघ ओढतात आणि वर ‘येईल’ असे लिहितात. कारण सांगितले जात नाही. सांगितलेच तर मुलाचे लक्ष नाही असे सांगितले जाते. वस्तुतः वऱ्हाडीत भविष्यकाळाच्या तृतीय पुरुषी एकवचनात अन्त्य ‘ल’च्या जागी ‘न’ येतो : पाऊस येईन, तो करीन, ती देईन. प्रथम पुरुषाचे रूपही ‘मी येईन’ असेच असल्याने ह्या बोलीत पुरुषभेद क्रियापदावरून कळत नाही, तो सर्वनामावरून किंवा कर्त्यावरून कळतो. मुलाने जे लिहिले ते त्याच्या घरच्या व्याकरणाच्या नियमास सर्वस्वी धरून आहे. प्रमाण मराठीत ‘न’ प्रथम पुरुषाचा व ‘ल’ तृतीय पुरुषाचा, ही विभागणी त्याला कोणी दाखविलेली नसते. आणि लाल रेघेवरून ती उमगत नाही. तीन वर्षे रेघ ओढली जाते, तीन वर्षे चूक होत राहते. ह्यात दोष मुलाच्या अवधानाचा नसून स्पष्टीकरणाच्या अभावाचा आहे.

विभक्तीचे उदाहरण ह्याहून उद्बोधक आहे. शालेय व्याकरणात परंपरेने द्वितीया व चतुर्थीचे एकवचनी प्रत्यय ‘स, ला, ते’ असे पाठ करविले जातात. ह्यांपैकी ‘ते’ हा प्रत्यय जुन्या काव्याबाहेर आज कोणाच्याही तोंडी नाही. उलट यवतमाळच्या वर्गात बसलेले मूल ‘मले’, ‘तुले’, ‘गावाले’, ‘कायले’ असा ‘ले’ प्रत्यय दिवसातून शेकडो वेळा वापरते. पण तक्त्यात त्याला जागा नाही. मृत प्रत्यय पाठ करावयाचा आणि जिवंत प्रत्यय विसरावयाचा, अशी ही शिस्त आहे. येथे ‘ले’ला प्रमाणभाषेत घ्यावे असे कोणी सुचवीत नाही. ‘ले’ आणि ‘ला’ हे एकच काम करणारे दोन प्रत्यय आहेत, एक घरचा आणि एक ग्रंथांतला, एवढे वाक्य शिक्षकाने उच्चारले तरी विभक्ती म्हणजे काय ह्याची कल्पना त्या मुलास जितकी स्वच्छ येईल तितकी आठ ओळींचा तक्ता घोकून येणार नाही.

काही ठिकाणी तर वऱ्हाडी व्याकरण प्रमाणभाषेपेक्षा अधिक नियमित असलेले आढळते. आठवीच्या सुमारास ‘प्रयोग’ हे प्रकरण येते आणि विद्यार्थ्यांना ते अवघड जाते. ‘मी भाकरी खाल्ली’ ह्या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून प्रयोग कर्मणी. पण कर्ता ‘मी’ हा प्रथमेत दिसतो, आणि कर्मणी प्रयोगात तर कर्ता तृतीयेत असावा असा नियम नुकताच सांगितलेला असतो. मग शिक्षकाला सांगावे लागते की येथे ‘मी’ हे रूप दिसायला प्रथमेसारखे असले तरी ते तृतीयेचे समजावे. वऱ्हाडी घरात मात्र ‘म्या भाकर खाल्ली’ असे म्हणतात. तेथे प्रथमा ‘मी’ आणि तृतीया ‘म्या’ हा भेद शाबूत आहे. प्राचीन मराठीतील ‘मियां’चा हा वंशज. प्रमाणभाषेने जे गमावले ते बोलीने राखले, आणि ज्या वर्गात ते राखलेले आहे त्याच वर्गात ते सुधारण्यासारखे अशुद्ध रूप ठरते. कर्मणी प्रयोग शिकविण्यास ‘म्या’ इतके उत्तम साधन शोधून सापडणार नाही.

‘तो जेवून राहिला’ हेही असेच एक वाक्य. वऱ्हाडीत ह्याचा अर्थ ‘तो जेवत आहे’ असा होतो. प्रमाण मराठी वाचणारा त्यातून ‘जेवण आटोपून तो तेथेच थांबला’ असा अर्थ काढील. उतारा वाचून उत्तरे लिहिताना अशा एका क्रियारूपाने सबंध प्रसंग पालटतो, आणि चूक आकलनाची गणली जाते. मुलाने उतारा समजून घेतलेला असतो. तो फक्त आपल्या बोलीच्या काळव्यवस्थेत समजून घेतलेला असतो.

उच्चाराच्या बाबतीत विस्तार नको. वऱ्हाडीत ‘ण’चा ‘न’ होतो, आणि ‘ळ’चा अनेक ठिकाणी ‘य’ होतो : पानी, कोन, डोया, काया. कपाशीच्या शेतात वाढते ते ‘तण’ आणि कवितेत येते ते ‘तन’, ह्यांचा उच्चार एकच झाल्यावर लेखनातील भेद केवळ डोळ्यांनी लक्षात ठेवावा लागतो. ऱ्हस्व-दीर्घाची स्थिती ह्याच प्रकारची आहे, पण ती केवळ यवतमाळची नव्हे. साहित्य महामंडळाचे चौदा नियम 1962 मध्ये शासनमान्य झाले व 1972 मध्ये त्यांत चारांची भर पडली. त्यानुसार ‘गरीब’ पण ‘गरिबाला’, ‘फूल’ पण ‘फुलाला’ असे लिहावयाचे, आणि ‘गुण’, ‘विष’ ह्यांसारखे तत्सम शब्द मात्र अपवाद मानावयाचे. शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की नाही हे बारा वर्षांच्या मुलाने ओळखावे, अशी ह्यात गृहीत धरलेली अपेक्षा आहे. ती मुंबईच्या मुलालाही जड जाते.

गोरमाटी बोलणाऱ्या मुलाकडे वळले असता चित्र बदलते. ‘ळ’ हा वर्ण राजस्थानी गटातील भाषांत नांदता आहे आणि गोरमाटीतही तो आहे. त्यामुळे तांड्यावरून आलेला मुलगा ‘काळा’ हा शब्द जितका स्पष्ट म्हणेल तितका गावातला वऱ्हाडी मुलगा म्हणेलच असे नाही. मराठी ज्याची मातृभाषा नाही त्याचा उच्चार ग्रंथांतील मराठीस अधिक जवळचा, हा योगायोग वर्गात कोणी बोलून दाखवीत नाही. त्याची अडचण लिंगाची आहे. गोरमाटीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत, नपुंसकलिंग नाही. ‘घोडो’सारखी ओकारान्त पुल्लिंगी आणि ‘छोरी’सारखी ईकारान्त स्त्रीलिंगी नामे ह्यांची त्याला सवय असते. मराठीत ‘घर’, ‘झाड’, ‘पुस्तक’, ‘लेकरू’ ही तिसऱ्याच खात्यात जातात आणि त्यांबरोबर विशेषण व क्रियापदही बदलतात, हे त्याला नव्याने शिकावे लागते. तरीही लिंगभेदाचे तत्त्व त्याच्या परिचयाचे आहे : निर्जीव वस्तूलाही लिंग असते आणि ते शब्दागणिक लक्षात ठेवावयाचे असते, हे त्याला सांगावे लागत नाही.

कोलाम मुलाचे तसे नाही, आणि ह्या लेखातील मुख्य मुद्दा येथेच आहे. कोलामीचे शास्त्रशुद्ध वर्णन मरे एमेनो ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील बोलीच्या आधारे केले व ते 1955 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून ह्या भाषेतील लिंगव्यवस्था स्पष्ट कळते. कोलामीत पुरुषवाचक नामे एका बाजूस, आणि उरलेले सर्व जग दुसऱ्या बाजूस. ‘अम्द’ म्हणजे तो, पुरुष. ‘अद’ म्हणजे ती, आणि तेही. आई, गाय, झाड, दगड ही सारी एकवचनात ‘अद’ ह्या एकाच सर्वनामाने दाखविली जातात. बैलदेखील पुरुष नव्हे म्हणून तोही ह्याच वर्गात. गोंडीतही विभागणीचे तत्त्व हेच आहे, आणि तेलुगूच्या एकवचनातही असेच. ह्यावरून स्त्रियांचा दर्जा कमी लेखला असा घाईचा निष्कर्ष काढणारे काढतात. तो व्याकरणातून निघत नाही. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही एक अत्यंत सुटसुटीत व्यवस्था आहे : नामाचा अर्थ कळला की त्याचा वर्ग कळला.

अशा मुलापुढे मराठी येते. पाट पुल्लिंगी, चूल स्त्रीलिंगी, भांडे नपुंसकलिंगी. रस्ता पुल्लिंगी, पण वाट स्त्रीलिंगी. दोन्ही एकाच गावाला जातात. मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले तर शिक्षकाजवळ उत्तर नाही, कारण उत्तर नाहीच; हा इतिहासक्रमाने आलेला संकेत आहे. जन्मापासून मराठी ऐकणारे मूल हा संकेत पाचव्या वर्षाच्या आत नकळत आत्मसात करते. कोलाम मुलाला तो शब्दाशब्दाने पाठ करावा लागतो, आणि चांगला पाट, चांगली चूल, चांगले भांडे अशी विशेषणे जुळविताना प्रत्येक वाक्यात त्याची परीक्षा होते. ‘आई आलं’ असे वाक्य त्याच्या तोंडून निघाले तर वर्ग हसतो. त्या वाक्यात मुलाने केले आहे ते एवढेच की आई आणि झाड ह्यांना आपल्या भाषेप्रमाणे एका वर्गात ठेवले आहे.

आता ह्या मुलास शाळा कोणते साहाय्य देते? ‘लिंग बदला’ हा स्वाध्याय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे : राजा–राणी, मोर–लांडोर, बोका–भाटी. हा स्वाध्याय लिंगविचाराचा म्हणून गणला जातो. परंतु त्यातून शिकावयास मिळतात त्या केवळ शब्दांच्या जोड्या. मोराच्या मादीस काय म्हणतात, हे ज्ञान उपयोगाचे असेल. पण कोलाम मुलाची अडचण लांडोरीशी नाही, चुलीशी आणि पाटाशी आहे. ज्या नामांस नर-मादी नाही, अशांचे लिंग कसे ओळखावे आणि वाक्यात ते कोठे कोठे उमटते, ह्याचा सराव देणारे स्वाध्याय अत्यल्प असतात, कारण स्वाध्याय रचणाऱ्याने विद्यार्थी मराठी घरातलाच कल्पिलेला असतो. प्रयोगाच्या प्रकरणातही हेच. द्राविडी भाषांत क्रियापद कर्त्याचीच संगती राखते. भूतकाळात ते एकदम कर्माकडे वळावे, ‘त्याने भाकरी खाल्ली’ आणि ‘तिने आंबा खाल्ला’ असे व्हावे, ही कल्पना त्या मुलास संपूर्ण अपरिचित. तेव्हा आठवीत त्याला प्रयोग ‘ओळखा’ असा प्रश्न येतो तो वास्तविक त्याच्या आधीच्या पायरीवरचा असतो. ओळखण्यापूर्वी प्रयोग करता यावा लागतो.

सर्वच ठिकाणी कोलामीभाषक मूल मागे असते असे मात्र नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांतील भेद, म्हणजे ऐकणाऱ्यास वगळून आणि ऐकणाऱ्यासह, कोलामीत मुळापासून आहे. मराठीत तो आला तोच द्राविडी भाषांच्या सहवासाने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हिंदीतील ‘हम’ला तो भेद माहीत नाही. ह्या एका धड्यात पोडावरचे मूल वर्गाला शिकवू शकेल.

कायदा व धोरण ह्या प्रश्नाविषयी मौन पाळून नाहीत. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 350-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी द्याव्यात असे सांगतो. 2009 च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम 29 मध्ये शिक्षणाचे माध्यम ‘व्यवहार्य असेल तेथवर’ मातृभाषा असावे असे म्हटले आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत ती मर्यादा नेली. परंतु कोलामी बोलणारे सबंध देशात 2011 साली सव्वा लाखांहून थोडेसेच अधिक होते. ती भाषा आठव्या अनुसूचीत नाही, गोंडीही नाही. आणि गोरमाटी तर जनगणनेत हिंदीच्या पोटात मोजली जाते. ‘व्यवहार्य’ ह्या शब्दात ह्या तिन्ही भाषा अडकतात. पाठ्यपुस्तकांच्या बाजूने पाहिले तर वऱ्हाड 1956 पर्यंत मध्यप्रांताशी जोडलेले होते, महाराष्ट्र राज्य 1960 मध्ये झाले, आणि 1967 मध्ये पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यावर सर्व राज्यास एकच ‘बालभारती’ लागू झाली. एका पुस्तकाने राज्यभर एक लेखनभाषा रुजली, हे कार्य लहान नव्हे. अलीकडील पुस्तकांत शब्दांचे खेळ, चर्चा, मुलांना लिहिते करणारे उपक्रम ह्यांना जागा मिळाली आहे व जुन्या क्रमिक पुस्तकांच्या मानाने ती निःसंशय सरस आहेत. तथापि यवतमाळच्या वर्गात कोणती चूक का होते, हे पुण्यात छापलेले पुस्तक सांगू शकणार नाही. ते शिक्षकानेच सांगावयाचे आहे, आणि त्याच्या प्रशिक्षणात ह्या विषयाला आजवर फारच थोडे स्थान मिळाले.

सहावीचा टप्पा ह्या दृष्टीने नाजूक आहे. पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या लहान शाळेत मूल आपल्या भाषेच्या सोबत्यांत असते, आणि काही ठिकाणी शिक्षकानेही ती भाषा थोडीबहुत उचललेली असते. वरच्या वर्गांसाठी ते आश्रमशाळेत किंवा मोठ्या गावी जाते. तेथे तोंडी उत्तर देण्याचे प्रसंग वाढतात, आणि हसे होण्याचेही. अशी मुले बोलेनाशी होतात. मग अबोल विद्यार्थी म्हणून त्यांची नोंद होते. आणि शाळा सोडणाऱ्यांत ती दिसली की कारण घरच्या परिस्थितीत शोधले जाते. परिस्थिती खरीच असते. पण ‘आई आलं’वर हसलेला वर्गही खराच असतो.

ज्यांना वऱ्हाडी किंवा कोलामी ही वर्गात आणणे म्हणजे दर्जा खालावणे वाटते, त्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. मराठीतील आद्य गद्यग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकात रिद्धपुरास, म्हणजे यवतमाळच्या शेजारच्याच जिल्ह्यात, सिद्ध झाला. त्याच रिद्धपुरास आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. आणि गाडगे महाराजांनी कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारविचारून जे लोकशिक्षण केले ते वऱ्हाडीतच केले. 1956 मध्ये त्यांचे निधन झाले तोवर त्या बोलीतून समजले नाही अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

वर्गापुरता उपाय फारसा खर्चाचा नाही. वहीच्या पानावर उभी रेघ ओढून डावीकडे घरचे रूप व उजवीकडे ग्रंथांतील रूप लिहावयाचे : मले–मला, म्या–मी, तो येईन–तो येईल. कोलाम व बंजारा मुलांसाठी डावा रकाना त्यांच्या भाषेचा. शिक्षकास ती भाषा येत नसल्यास तो रकाना मुलांनीच भरावयाचा. त्या तासापुरता शिक्षक विद्यार्थी होतो, ह्यात बिघडण्यासारखे काही नाही. नामांची यादी करताना मोर आणि राजा बाजूस ठेवून चूल, जाते, पाट, विळा, पऱ्हाटी, वखर असे घरातले व शेतातले शब्द घ्यावेत आणि प्रत्येकाला एक विशेषण व एक क्रियापद जोडून वाक्य करवावे. परीक्षेत प्रमाण रूपच मागावे. त्यात सवलत नको, कारण पुढे अर्ज, दाखला आणि मुलाखत ह्या साऱ्यांत तेच रूप मागितले जाणार आहे. लाल रेघ ओढावी. पण तिच्या शेजारी समासात ‘घरी न, पुस्तकात ल’ एवढे चार शब्द लिहावेत.